काजळाची रेघ

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि किल्ले आठवतात. आज मात्र मी काजळाच्या एका रेघेची हकीकत सांगणार आहे. हसू नका बरं का! ही रेघ राजघराण्यांइतकी जुनी आहे, आणि तिच्यापायी बोलणी खाल्लेल्या मुलीही पुष्कळ आहेत.

शिरूरकडच्या किंवा दौंडकडच्या एखाद्या घरात लग्नाची गडबड चालली आहे, असे समजा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आरशापुढे बसली आहे. डोळ्याच्या कडेने काळी रेघ ओढून ती बाहेरच्या कोपऱ्यापासून भुवईच्या टोकाकडे जराशी वर न्यावी, अशी तिची खटपट आहे. एक डोळा जमतो, दुसरा फसतो. ती पुसते, पुन्हा काढते. तेवढ्यात आजी आत येते आणि म्हणते, "अगं, हे काय तमाशातल्या बाईसारखं?" मुलगी खाली मान घालून टोक पुसून टाकते.

आजीला काजळाचे वावडे नाही. तिनेच कितीदा तरी घरी काजळ पाडले असेल. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्यावर ताटली उपडी धरायची, बसलेली काजळी खरडून तुपात खलायची आणि डबीत भरायची, ही रीत तिच्या हातातली आहे. बाळाच्या गालावर तीट लावली ती याच काजळाची, नवरीच्या डोळ्यांत घातले तेही हेच. मग नेमके टोकच का खटकले?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या संशोधकांनी तिथून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. त्या गावात धान्याच्या कणगी होत्या, चुली होत्या, आणि रंगीत दगडांचे मणी व तांब्याच्या बांगड्याही होत्या. म्हणजे पोटापुरते पिकवणारा माणूसही नटल्यावाचून राहत नव्हता.

डोळ्यांत अंजन घालण्याची कांडी तर याहून जुनी. हडप्पा आणि चन्हुदडो येथे तांब्याच्या अशा कांड्या मिळाल्या आहेत. तक्षशिलेलाही त्या सापडल्या. संस्कृतात तिला शलाका म्हणतात. गुरुवंदनेत ज्ञानाच्या अंजनाची शलाका येते, ती हीच. १२९० साली पुऱ्या झालेल्या ज्ञानेश्वरीत, डोळ्यांत अंजन पडले की दडलेला ठेवाही दिसू लागतो, असा दाखला पहिल्याच अध्यायात दिला आहे. आजही चूक दाखवून देणाऱ्याला आपण म्हणतो, "माझ्या डोळ्यांत अंजन घातलंत."

आता टोकाचे पाहू. १९२२ साली इजिप्तमध्ये तूतनखामेन राजाची कबर उघडली. त्याच्या सोन्याच्या मुखवट्यावर डोळ्यांभोवतीची रेघ निळ्या दगडाने जडवली आहे आणि ती पार कानशिलाकडे गेली आहे. हा राजा पुरुष होता, हे ध्यानात घ्या! त्या देशात स्त्रिया आणि पुरुष दोघेही डोळे रेखीत. इकडे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी राजे, राण्या, दासी आणि बोधिसत्त्व सगळ्यांचेच डोळे लांब, कोपऱ्याशी निमुळते काढले. तेव्हा लांबट डोळा ही कुणा एकीची खूण नव्हती.

मग तमाशाशी तिचे नाते कसे जडले? कारण अगदी व्यवहाराचे आहे. खेळ रात्री, उजेड टेंभ्याचा, पुढे गॅसबत्तीचा. बघणारा लांब, कुठे झाडाखाली बसलेला. डोळ्याचा भाव त्याच्यापर्यंत पोचायचा तर डोळा मोठा दिसला पाहिजे. म्हणून रेघ जाड आणि टोक लांब. पूर्वी बाईची भूमिका नाच्या पोऱ्या करी. तेव्हा टोक त्याच्याही डोळ्याला. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळाबाई यांच्या जोडीने फड गाजवले. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' चित्रपट आला आणि तमाशाचे रूप शहरांतल्या पडद्यावरही लोकांनी डोळे भरून पाहिले.

शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यात उतरले की पुणे–सोलापूर रस्त्यावर चौफुला लागतो. तिथली कला केंद्रे संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या गावांनी ही कला पाहिली, तिच्यावर दौलतजादा केली, आणि घरी येऊन मुलीला बजावले, "तसलं काही करू नकोस." कला हवी, पण कलावंतीण नको, असा हा हिशेब आहे. आज महाराष्ट्र शासन विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. मग त्यांच्या डोळ्यांतल्या रेघेची लाज आपल्या लेकीला का वाटावी? आजीने टोक जरूर नापसंत करावे. आवड ज्याची त्याची. पण कुणा कष्टकरी बाईच्या नावाने टोमणा मारू नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि त्या मुलीला दोन गोष्टी सांगतो. पहिली हाताची. कोपर टेबलावर किंवा गुडघ्यावर टेकव, म्हणजे हात थरथरणार नाही. आरसा जरा खाली धर. आधी टोक कुठे संपवायचे तिथे दोन्ही डोळ्यांशी बारीक ठिपका दे, मग ठिपका आणि कोपरा जोड. फसले तर कापसाला तेल लावून टिपून घे. अक्षर गिरवून वळते, तशीच ही रेघही वळते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपली कांडी आणि आपली डबी आपल्यापुरतीच ठेव. एकाच बोटाने घरभर काजळ घालण्याच्या रीतीने खुपऱ्यांचा रोग डोळ्यांतून डोळ्यांत गेला आणि कित्येकांची नजर अधू झाली. १९६३ साली देशात खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. साठ वर्षांच्या कष्टाने मिळालेले हे यश घरच्या डबीपायी घालवू नये. काही सुरम्यांत शिसे असते; ते मुलांच्या अंगाला बाधते. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ नकोच. तीट लावायचीच तर तळपायाला लावा.

गुरुजनहो, इनामगाव तुमच्या शाळेपासून लांब नाही. मुलांना एकदा नदीकाठी न्या आणि तिथल्या मण्यांची आणि बांगड्यांची गोष्ट सांगा. आणि आजीबाई, पुढच्या लग्नात नात आरशापुढे बसली, तर जरा तिच्याजवळ बसा. काजळ कसे पाडायचे ते तुम्ही तिला सांगा, टोक कसे काढायचे ते ती तुम्हांला दाखवील.