तळटीप : परभणीतील बंजारा तांडे आणि विमुक्त जाती

जिंतूर-गंगाखेड भागातील बंजाऱ्यांचा पूर्वापार धंदा लदेणीचा : बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहण्याचा. 1900च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि तो धंदा बसला. त्याआधीच ब्रिटिशांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारी रक्तातून येते हा वंशवादी समज सरकारी दप्तरात नेला होता. नोंद झालेल्यांनी पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवान्याविना गाव सोडायचे नाही. तान्ह्या मुलावरही जन्मतःच संशय. निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही हीच रीत उचलली. कायदा 1952मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी पाळत चालू राहिली आणि गुन्हा घडला की अशीच नोंद झालेल्या पारध्यांच्या पालांवर पोलीस आजही आधी पोहोचतात. या कायद्यातून मुक्त झालेल्या, म्हणजेच महाराष्ट्राच्या 14 विमुक्त जातींत बंजारा, कैकाडी, वडार, पाल पारधी येतात. 1956मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाल्यावर तेच बंजारे तेलंगणात पुढे अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तर परभणीत विमुक्त जाती ठरले. हा भेद अन्यायाचा आहे. येथील अनेक तांडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचा हंगाम सरतो, मुलांची शाळा मध्येच सुटते.