गावकूस आणि प्रथमोपचार

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. एम.ए.च्या वर्गात चोखोबांचे अभंग शिकवताना आम्ही या गावाचा उल्लेख दरवर्षी करतो, आणि त्यांच्या मृत्यूचाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८. पुढे नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपुरास नेल्या, अशी परंपरा सांगते. ज्यांना गावकुसाबाहेर जगावे लागले ते गावकूस बांधतानाच त्याखाली गेले, हा विरोधाभास आमच्या टिपणांत वर्षानुवर्षे आहे. पण मागे एका विद्यार्थिनीने विचारले, "भिंत पडल्यावर त्यांना काढायला कुणीच गेलं नाही का?" या प्रश्नावर आमच्या टिपणांत काहीही नव्हते.

परंपरेने अस्थी जपल्या. माती उपसणाऱ्या हातांची नोंद तिच्यापाशी नाही. हात आले असतील तर ते बहुधा सोबतच्या मजुरांचेच असतील, हा आमचा तर्क. वेशीच्या आतल्या माणसाला त्या देहाला स्पर्श करायचा तर आधी बरेच काही ओलांडावे लागले असते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'प्रथमोपचार' हा शब्द आपण आयोडिनची बाटली आणि पट्टी यांच्याशी जोडून टाकला आहे. 'उपचार' मात्र 'उप' आणि 'चर्' यांपासून सिद्ध होतो: जवळ जाणे, सन्निध राहून सेवा करणे. देवपूजेतील षोडशोपचार तेच, आणि रुग्णाचा उपचारही तोच. म्हणजे प्रथमोपचारातील पहिली कृती पट्टी बांधणे ही नव्हे. ती त्याच्याही आधीची आहे. ज्या समाजात कोणी कोणाच्या जवळ जावे हे जन्माने ठरत होते, तेथे प्रथमोपचाराचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत शोधून भागणार नाही.

ढिगाऱ्याखालील माणसाविषयी आजचे शास्त्र काय सांगते, तेही पाहू. आधी स्वतःवर उरलेली भिंत पडणार नाही याची खात्री करावी. जखमीच्या नाकातोंडातील माती काढावी, मान व पाठीचा कणा वाकू न देता त्याला हलवावे, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मात्र हातपाय बराच काळ दाबले गेले असतील तर एक वेगळाच धोका असतो. १९४१ साली, लंडनवरील बाँबहल्ल्यांच्या काळात, एरिक बायवॉटर्स आणि त्यांचे सहकारी बील यांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावलेली माणसे अभ्यासली. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये दाब निघताच रक्तात मिसळतात. म्हणून अशा वेळी भार काढण्यापूर्वीच वैद्यकीय मदत बोलवावी लागते आणि शिरेवाटे द्रव देणे सुरू करावे लागते. चौदाव्या शतकात हे कोणालाच शक्य नव्हते, हे उघड आहे. माती बाजूला करणे मात्र शक्य होते.

संतचरित्रांत याच्या उलट बाजूचाही एक प्रसंग आहे. पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे मूल एकनाथांनी उचलले, पुसले, कडेवर घेऊन घरी पोचवले. कीर्तनकार तो भूतदयेचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांला तो वाचताना पोळलेले तळपाय दिसतात: मुलाला सावलीत नेणे, पाणी पाजणे, पायांवर गार वाहते पाणी सोडणे. आज वीस मिनिटे सोडावे असे सांगतात. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावू नये.

पुण्यातील १८९७ च्या प्लेगमध्ये तर स्पर्शाचे दोन प्रकार एकाच शहरात दिसले. वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीचे सैनिक घरांत शिरून माणसे तपासत आणि उचलून नेत होते. त्या स्पर्शाने शहर संतापले, आणि २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यापूर्वी काही महिने शहराबाहेर हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे रोग नेमका कसा जडतो हे ठाऊक नसताना ते मूल पाठीवर घेतले गेले. आजची प्रथमोपचाराची पुस्तके मदतनीसाला आधी स्वतःचे रक्षण करा असे बजावतात, आणि ते योग्यच आहे. तरीही या प्रसंगापाशी ती पुस्तके मिटून ठेवावीशी वाटतात.

युरोपात १८५९ च्या सोल्फेरिनोच्या रणांगणानंतर आंरी द्युनां यांच्या प्रयत्नांतून रेड क्रॉस उभी राहिली. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन होऊन सामान्य माणसांना प्रथमोपचार शिकवले जाऊ लागले. आपल्याकडे ते शाळा-कचेऱ्यांत एका लाल फुलीच्या पेटीच्या रूपाने पोचले. आमच्या पाहण्यातील एका पेटीला कुलूप होते आणि किल्ली रजेवर गेलेल्या लिपिकाकडे.

कायदाही सावकाश आला. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली बजावले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसी जाचापासून संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगणेही आता सक्तीचे नाही.

आणि तरीही १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, मेहुणा राजाच्या शेजारच्याच सिंदखेड राजा तालुक्यात, पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसे गेली. बाहेर पडलेल्यांनी हात दाखवूनही जाणारी वाहने थांबली नाहीत, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. भरधाव रस्त्यावर, अंधारात, आगीजवळ थांबणे सोपे नसते. न थांबणाऱ्यांना घरबसल्या दोष देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. महामार्गाला कुंपण असते, गावकूस नसते. तरी बातमी वाचताना त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आठवला.

त्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही हृदयपुनरुज्जीवनाचे प्रात्यक्षिक ठेवले. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करायचा, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचे. प्रशिक्षकांनी रबरी पुतळा जमिनीवर ठेवला आणि पुढे कोण येते असे विचारले. मुले मुलींकडे पाहू लागली, मुली खाली. रबराच्या छातीवर हात ठेवायलाही बराच वेळ कोणी उठले नाही. मग प्रश्न विचारणारी तीच विद्यार्थिनी ओढणी कमरेला खोचून पुतळ्यापाशी गुडघ्यांवर बसली, आणि मोजू लागली.