आम्लाचा कस

गडहिंग्लजच्या ऊसपट्ट्यात गुळव्या उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतो. रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो. तो तसाच उकळला तर साखरेचे विघटन होते व गूळ नीट बांधत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळपडतो. नेमका किती घालावा हे गुळव्याची नजर ठरवते. ही नजर नसलेल्याने काय करावे? अनुमापनाचा इतिहास हे त्याचे उत्तर आहे.

१७२९ साली फ्रान्समधील जोफ्रुआने ठरावीक व्हिनेगरमध्ये पोटॅशियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी टाकली आणि फसफसणे थांबेपर्यंत किती पूड लागली ते पाहिले. त्यामुळे दोन व्हिनेगरांची तुलना झाली, पण एका लिटरात आम्ल किती हे कळले नाही.

पुढे कापड विरंजनाच्या धंद्याला रोज झटपट मोजणी हवी होती. १७९५ मध्ये देक्रोआझीने खुणा केलेल्या नळीतून, निळीचा रंग उडण्यावरून, क्लोरीनच्या द्रावणाचा जोर मोजला. वजनाची जागा आकारमानाने घेतली. गे-ल्यूसॅकने १८२४ मध्ये 'ब्यूरेट' व 'पिपेट' ही नावे वापरली आणि १८३२ मध्ये मिठाच्या द्रावणाने चांदीचा कस ठरवला. कस या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच 'टायट्रेशन' आले. मोरच्या १८५५ च्या ग्रंथाने नॉर्मल द्रावणे रूढ केली. १८७७ पासून फिनॉल्फ्थॅलिन दर्शक म्हणून वापरात आले.

आता आपण हिशोब करू. व्हिनेगर दहापट विरल केले. त्याच्या १० मिलिलिटरला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ८.५ मिलिलिटर लागले.

आम्लाची नॉर्मॅलिटी × १० = ०.१ × ८.५

म्हणजे ०.०८५, मूळ व्हिनेगरची ०.८५. ॲसेटिक आम्लाचा तुल्यभार ६०, म्हणून लिटरला ०.८५ × ६० = ५१ ग्रॅम आम्ल.

जोफ्रुआच्या पुडीत नव्हते ते येथे आहे: ब्यूरेटमधील द्रावणाची संहती आपल्याला आधीच ठाऊक आहे. अज्ञात मोजायचे तर शेजारी एक खात्रीचे ज्ञात हवे. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, पण हे बहुधा निसटते. म्हणून सूत्राआधी त्यांना खाण्याचा सोडा व दोन प्रकारची व्हिनेगरे द्यावीत. कोणते कडक, हे ते स्वतः शोधतील. मग 'पण किती कडक?' असा प्रश्न वर्गातूनच येईल, आणि सूत्राला खरी गरज लाभेल.