पांढरा म्हणजे नक्की कुठला पांढरा?

खोलीत भरपूर ऊन येतं. एक भिंत गडद निळी, दारं पिवळी आणि बाकी सगळं पांढरं करायचं. एवढा साधा बेत घेऊन रंगाच्या दुकानात गेलं की समोर पांढऱ्याच्याच पंधरा-वीस छटा येतात. पेंटर सांगतो, कुठलाही घ्या, लागल्यावर सारखाच दिसतो. माझा पीएचडीचा विषय जुन्या भिंतींवरच्या रंगांच्या थरांचा आहे, त्यामुळे पेंटरचं हे वाक्य मला फार आवडतं. ते चूक आहे, आणि का चूक आहे हे शोधायला लागलं की आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा हाती लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे असाल. गाईड "तुमचा प्रश्न नेमका करा" म्हणतात, पण म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही. आज "पांढरा" हा एकच शब्द घेऊन ते करून बघू.

सुरुवात ल कॉर्बुझिएपासून. चंदीगडमुळे हे नाव आपल्याला माहीत असतं. १९२५ साली त्याने सजावटीच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका प्रकरणात तो म्हणतो की प्रत्येकाने घरातले पडदे, नक्षीचे कागद काढून टाकावेत आणि भिंतीला पांढऱ्या रिपोलिनचा हात द्यावा. पुढे वास्तुकलेच्या पुस्तकांत हा "रिपोलिनचा कायदा" शेकडो वेळा उद्धृत झाला. पण त्या प्रकरणाच्या शीर्षकातच दोन वस्तू आहेत: चुन्याची सफेदी आणि रिपोलिन. वास्तुकलेचा अभ्यासक दोन्ही "पांढरा" या एका खात्यात टाकून पुढे जातो. रसायनशास्त्रातून आलेला माणूस मात्र तिथेच अडतो.

चुना भिंतीला लावताना बघितलाय ना? ओला असताना खालची भिंत दिसत राहते, आणि आपल्याला वाटतं की याने पाणीच जास्त घातलंय. वाळला की तीच भिंत शुभ्र होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो हे आपण शाळेत शिकलो, पण पांढरेपणाचं कारण तेवढंच नाही. कॅल्शियम कार्बोनेटचा अपवर्तनांक साधारण १.६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितकी तफावत, तितका प्रकाश जास्त विखुरतो. भिंत वाळते म्हणजे कणांमधल्या फटींतलं पाणी जाऊन हवा येते, तफावत वाढते, भिंत पांढरी दिसते. हाच पदार्थ, म्हणजे खडूची भुकटी, अळशीच्या तेलात कालवा. तेलाचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, म्हणजे तफावत जवळजवळ संपली. पांढरा रंग मिळत नाही, मळकट लांबी मिळते. खिडकीच्या काचा बसवायला वापरतात तीच.

म्हणून तेलात पांढरा हवा असेल तर वेगळं काहीतरी लागतं. शतकानुशतकं ते म्हणजे सफेदा, शिशाचा. रंग उत्तम, झाकण्याची ताकद चांगली, आणि विषारी. तो बनवणारे आणि घरं रंगवणारे कामगार पोटशुळाने आडवे व्हायचे, काहींची मनगटं लुळी पडायची. पॅरिसमधला लक्लेर नावाचा रंगकामाचा ठेकेदार १८४० च्या दशकात सफेद्याऐवजी जस्ताचा पांढरा, म्हणजे झिंक ऑक्साइड, वापरायला लागला तो कामगारांचे हे हाल बघूनच. तरी फ्रान्समध्ये इमारतींच्या रंगकामात सफेद्यावर बंदी आणणारा कायदा व्हायला १९०९ उजाडलं, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा यावरचा करार १९२१ चा. वास्तुकलेच्या इतिहासात पांढऱ्या भिंतीबद्दल स्वच्छता, आरोग्य, नैतिकता असं पानंच्या पानं लिहिलेलं सापडतं. ते आरोग्य घरात राहणाऱ्याचं असतं. भिंत रंगवणाऱ्याच्या आरोग्याबद्दल वाचायचं तर कामगार कायद्यांच्या कपाटाकडे जावं लागतं. कुणाला विषय हवा असेल तर इथे एक पडलाय.

रिपोलिनचं काय? हा डबाबंद तयार एनॅमल रंग. नाव रीप या डच रसायनतज्ज्ञावरून आलं. पिकासो हाच घरगुती रंग कॅनव्हासवर वापरायचा अशी चर्चा होती, म्हणून शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने क्ष-किरणांच्या अतिसूक्ष्म झोताने त्याच्या रंगाचे कण तपासले. २०१३ साली निकाल आले. पांढऱ्या रिपोलिनमधलं रंगद्रव्य झिंक ऑक्साइड होतं. म्हणजे "रिपोलिनचा कायदा" हा तेलातल्या चकचकीत जस्ताच्या पांढऱ्याबद्दल आहे, आणि सफेदी ही खरबरीत, प्रकाश चारी दिशांना विखुरणारी. उन्हाच्या खोलीत दोघांचं वागणं वेगळं. चकचकीत भिंतीवर खिडकीचा डाग उमटतो आणि डोळे दिपतात, चुन्याच्या भिंतीवर नाही.

आता गडद रंगांकडे येऊ. आधुनिक घरं म्हणजे पांढरी घरं, ही समजूत बरीचशी कृष्णधवल फोटोंनी पसरवली. बोर्दोजवळच्या पेसाक इथे १९२६ च्या सुमारास याच ल कॉर्बुझिएने कामगारांची घरं बांधली, तिथे बाहेरच्या भिंती तपकिरी, फिकट हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या होत्या. १९२७ साली श्टुटगार्टच्या गृहप्रदर्शनात ब्रुनो टाउटने आपलं घर भडक रंगांत रंगवलं. फोटोत ते सगळं करडं दिसतं. पुढे ते घर युद्धात गेलं, त्यामुळे खरवडून बघायलाही भिंत उरलेली नाही. गंमत म्हणजे नक्षीच्या कागदांविरुद्ध लिहिणाऱ्या ल कॉर्बुझिएने १९३१ साली साल्युब्रा या स्विस कंपनीसाठी भिंतीच्या कागदाच्या ४३ छटा ठरवून दिल्या!

आणि गडद रंग आला की पांढरा पांढरा राहत नाही. लाल फरशीवर ऊन पडलं की छत गुलाबी होतं. छताचा रंग बदललेला नसतो, त्याच्यावर पडणारा प्रकाश बदललेला असतो. यात एक छोटं गणित आहे, वहीत करून बघा. समजा एक पांढरा रंग तांबडा प्रकाश ९०% परत पाठवतो आणि निळा ८५%. शेडकार्डवर हा फरक तुम्हाला फारसा जाणवणारही नाही. पण खोलीत प्रकाश एकदाच आपटून डोळ्यात येत नाही, भिंतीभिंतींवर फिरतो. पाच वेळा आपटल्यावर तांबडा उरतो ५९% आणि निळा ४४%. कार्डावरचा "पांढरा" खोलीत साय आल्यासारखा पिवळट झाला. पेंटरचं वाक्य इथे पडतं. आपल्या आज्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकायच्या ते याच पिवळटपणावर. नीळ भिंतीला उजळ करत नाही, उलट थोडा प्रकाश खाते, पण पिवळी झाक जाते आणि डोळ्याला भिंत जास्त पांढरी वाटते.

आज दुकानात मिळणारा पांढरा हा बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइड. औद्योगिक उत्पादन नॉर्वे आणि अमेरिकेत १९१६ च्या आसपास सुरू झालं. रुटाइल रूपाचा अपवर्तनांक २.७, झिंक ऑक्साइडचा २. म्हणजे पातळ थरही खालचं सगळं झाकतो. (त्याचं एक खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. काळ्या वाळूतून पांढरा रंग!) संशोधकासाठी हा पदार्थ घड्याळासारखा आहे. थरात पांढरं रंगद्रव्य म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड सापडलं तर तो थर बहुधा १९१६ च्या आधीचा नाही. रमन वर्णपटात रुटाइल दिसलं तर बहुधा आणखी नंतरचा, कारण सुरुवातीचं उत्पादन अॅनाटेज रूपाचं होतं.

आता सिनॉप्सिसचा प्रश्न लिहून बघा. "आधुनिक घरांतील पांढऱ्या रंगाचा अभ्यास" हा प्रश्न झाला नाही. "या घराच्या या खोलीत १९२५ ते १९३५ दरम्यान कोणतं पांढरं रंगद्रव्य, कोणत्या माध्यमात वापरलं, आणि शेजारच्या रंगांमुळे ते कसं दिसत असेल" हा झाला, कारण याला नमुना घेता येतो आणि उत्तर चुकीचंही ठरू शकतं. नमुना मात्र एका जागेवरून घेऊ नका. अळशीचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात पुन्हा निवळतं. खिडकीशेजारचा एक, कपाटामागचा एक आणि दाराच्या चौकटीखाली दबलेला एक, असे किमान तीन घ्या, आणि प्रत्येक पाकिटावर भिंतीची दिशा लिहा.