चंचल ग्रंथी आणि अचूक किरण

मराठवाड्याच्या मुलखातील अनेक कर्करुग्णांना पूर्वी किरणोपचारासाठी मुंबई गाठावी लागे, आणि १९४१ साली परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हाच त्यांचा आधार असे. २०१२ साली औरंगाबादेत, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले, तेव्हा जालना, बीड, परभणीकडील पुष्कळ कुटुंबांची ती दूरची पायपीट वाचली.

तथापि अंतर मिटले, म्हणून उपचारातील सारे प्रश्न मिटत नाहीत. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० च्या किरणांनी उपचार सुरू झाले आणि देहाच्या गाभ्यातील गाठीवर प्रभावी मारा शक्य झाला. परंतु प्रोस्टेटच्या कर्करोगात नेम साधणे अवघड असे; ही ग्रंथी मूत्राशयाखाली आणि गुदाशयापुढे वसलेली असल्याने, ते अवयव भरले वा रिते झाले, की तीही काही मिलिमीटर सरकते, अस्थी मात्र जागच्या जागीच राहतात. केवळ अस्थींच्या खुणेवर विसंबणाऱ्या वैद्यांना म्हणूनच ग्रंथीभोवती रुंद सीमा राखावी लागे, आणि निरोगी गुदाशयास नाहक दाह सोसावा लागे.

पुढे ग्रंथीतच खुणेसाठी सुवर्णकण रोवून, उपचारापूर्वी दररोज प्रतिमा घेऊन किरणांची दिशा जुळविण्याची पद्धत रूढ झाली. टाटा स्मारकाने प्रोस्टेट-कर्करोगाच्या २२४ रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही किरणोपचार प्रतिमांच्या मार्गदर्शनानेच झाले. ही दैनंदिन दक्षता महानगराची मिरास न राहता मराठवाड्यातील शेतकऱ्याचाही हक्क ठरावी, यातच सार्वजनिक आरोग्याच्या कारभाराचे खरे सार्थक आहे.