हिशेबाची चौकशी : कोण करतं, कोणासाठी करतं?



गेल्या काही वर्षांत एक शब्द आपल्या कानावर सारखा पडतो, 'फॉरेन्सिक ऑडिट'. एखादी पतसंस्था बुडाली किंवा बँकेवर निर्बंध आले, की लगेच ही मागणी होते. हा प्रकार काय आहे आणि तो करणाऱ्याला नेमतं कोण, हे आज आपण इतिहासाच्या अंगानं बघू. आमचं म्हणणं साधं आहे : हिशेब तपासणारा काय शोधतो, हे पुष्कळदा त्याला कोणी नेमलं यावर ठरतं.

शब्द नवा असला तरी काम जुनं आहे. कौटिल्यानं अपहाराचे चाळीस प्रकार मोजले होते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहण्यासाठी अमात्य, म्हणजेच मुजुमदार होता. तिथं पैसा राज्याचा आणि तपासणाराही राज्याचाच, त्यामुळे नेमणुकीचा घोळ नव्हता.

'फॉरेन्सिक' म्हणजे न्यायसभेपुढे टिकेल असं. नेहमीचा लेखापरीक्षक काही नोंदी नमुन्यादाखल तपासतो आणि ताळेबंद एकूण खरा वाटतो का, ते सांगतो. फॉरेन्सिकवाला एका रुपयाच्या मागे लागतो. कर्ज कोणाच्या नावानं निघालं, त्याच दिवशी ते कोणत्या खात्यात वळलं, तारण जमिनीची किंमत कोणी फुगवली, जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज दिलं का, हे तो पाहतो. अमेरिकेत १९३१ साली अल कपोनला शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे, करचुकवेगिरीसाठी. त्यामागे सरकारी महसूल खात्यातल्या हिशेबनिसांची चिकाटी होती.

आता आपल्याकडे या. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. त्यात दरवर्षी हिशेब तपासण्याची जबाबदारी निबंधकावर, म्हणजे सरकारवर होती. १९१२ च्या कायद्यानं तर थकीत कर्जं तपासणं आणि मालमत्तेचं मूल्य काढणं हेही लेखापरीक्षणातच धरलं. पुढे महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आला. त्यातलं कलम ८३ चौकशीचं आणि कलम ८८ नुकसानीची जबाबदारी ठरवण्याचं.

सरकारी लेखापरीक्षक काय करू शकतो, याचं उदाहरण नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचं. तिथल्या रोखे घोटाळ्याचा गुन्हा २००२ मध्ये विशेष लेखापरीक्षकाच्या तक्रारीवरून नोंदला गेला. पण खालच्या न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. म्हणजे कागद लवकर बोलला, न्याय एकवीस वर्षांनी.

घटनेच्या ९७ व्या दुरुस्तीनंतर, २०१३ पासून, चित्र बदललं. शासनाच्या नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेकडे गेला. लोकशाही म्हणून हे चांगलंच. पण बघा, सहकारी बँकेत कर्जदार हा सभासद असतो, ठेवीदार मात्र पुष्कळदा नसतो. ज्याचा पैसा अडकणार, त्याला मत नाही! २०२१ पासून नागरी बँकांना लेखापरीक्षक नेमताना रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, ती याच दुबळ्या जागेवर ठिगळ म्हणून, असं आम्हाला वाटतं.

आपल्या गावचं उदाहरण आपल्याला माहीतच आहे. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर ८ नोव्हेंबर २०२१ ला निर्बंध आले आणि खातेदाराला फक्त पाच हजार रुपये काढता येऊ लागले. वर्षभरानं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, परवाना रद्द झाला. ७९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हा सांगितलं. ठेव विम्याची मर्यादा पाच लाख. त्यावरची ठेव असणाऱ्यांचं काय? निवृत्तीचा पैसा असेल, जमीन विकून आलेला असेल, ती माणसं वसुलीकडे डोळे लावून बसतात. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील, आपण त्यात शिरत नाही. पण वसुली व्हायची तर पैसा गेला कुठे, हे आधी कळायला हवं. फॉरेन्सिक तपासाची खरी गरज असते ती इथं.

मग हा तपास मागवतो कोण? कर्ज बुडालेली बँक मागवते, कर्जदाराची लबाडी सिद्ध करायला. नवा प्रशासक मागवतो, जुन्या संचालकांनी काय केलं ते पाहायला. मुंबईच्या पीएमसी बँकेत २०१९ मध्ये तसंच झालं. रिझर्व्ह बँक विशेष लेखापरीक्षण लावू शकते. पोलीस आणि न्यायालयही नेमतात. या यादीत ठेवीदार नाही. त्याला अर्ज करता येतो, मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येतं, पण नेमणूक दुसराच करतो. आणि नेमणारा कामाची चौकट आखतो : कोणती वर्षं, कोणती खाती, कोणत्या शाखा. चौकटीबाहेरचं बहुधा बाहेरच राहतं.

अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हेही ध्यानात ठेवू. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये सांगितलं, की कर्जखातं 'फ्रॉड' ठरवण्याआधी कर्जदाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'फॉरेन्सिक ऑडिट झालं' असं सांगितलं, तर आपण तीन गोष्टी विचारू : नेमलं कोणी, चौकट काय होती आणि अहवाल ठेवीदाराच्या हाती पडणार का? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत 'ऑडिट झालं' या दोन शब्दांवर समाधान मानून घरी जायचं नाही.