दिनविशेष : ६ जानेवारी – साफ्टा करारावर सह्या

आजच्या दिवशी २००४ मध्ये इस्लामाबाद येथील बाराव्या सार्क शिखर परिषदेत दक्षिण आशिया मुक्त व्यापार करारावर, म्हणजेच ‘साफ्टा’वर, सात देशांनी सह्या केल्या. १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला.

एकीकडे भारत, दुसरीकडे भूतान आणि मालदीव. सर्वांना एकच माप लावले असते, तर लहानांवर अन्याय झाला असता. म्हणून आयातशुल्क ० ते ५ टक्क्यांवर आणायला भारत-पाकिस्तानला सात, श्रीलंकेला आठ आणि बांगलादेश, नेपाळ, भूतान, मालदीव यांना दहा वर्षे मिळाली. २०११ मध्ये भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी मद्य व तंबाखूच्या २५ वस्तू वगळता बाकी सर्व वस्तूंवरचे शुल्क माफ केले.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्याला शेजारी देशांशी होणाऱ्या व्यापाराचा हा विषय परका नाही. तुमसरच्या बाजारात आजही धानाचा दाणा दाताखाली चावून ओल पाहिली जाते. पण भावाची सूत्रे दूर कुठेतरी हलतात. बांगलादेश आपल्या पिकाचा अंदाज पाहून तांदळावरचे आयातशुल्क कमी-जास्त करतो. भारतानेही २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि उकड्या तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क लावले.

लहान देशाला सवलत देणे हे मोठ्याचे कर्तव्यच आहे. तोच न्याय धानाच्या या झाडीपट्टीतल्या लहान शेतकऱ्यालाही मिळायला हवा.